सॉफ्टवेअरची चाचणी : प्रकार किती आणि कशासाठी?

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



बंगळूरमध्ये सॉफ्टवेअरवर बोलायला रेल्वेच्या माणसाला उभे करणे म्हणजे कोल्हापूरकरांना तांबड्या रश्श्याची कृती सांगायला बाहेरगावचा माणूस बोलावण्यासारखे आहे. समोर बसलेल्यांपैकी निम्मे लोक या धंद्यात माझ्यापेक्षा जाणकार आहेत. तरीही कार्यकारिणीने हा विषय माझ्याकडे दिला, याला कारण आहे. मी सिग्नल विभागातला. पूर्वी केबिनमधले लोखंडी लिव्हर ओढून सांधे आणि सिग्नल हलवत. नंतर रिले आले. आता स्टेशनामागून स्टेशनावर ते काम कॉम्प्युटर करतो. त्याला आम्ही इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग म्हणतो. मी सॉफ्टवेअर लिहीत नाही, पण ते तपासून झाल्याशिवाय गाडी सोडता येत नाही. तेव्हा आजचे बोलणे लिहिणाऱ्याच्या बाजूने नसून तपासणाऱ्याच्या बाजूने आहे.

दुसरेही एक कारण आहे. आपल्याकडे हळदीकुंकवाला किंवा आरतीनंतर प्रसाद घेताना मुलांच्या नोकऱ्यांची चौकशी होते. "काय करतो हो तुमचा?" "अमक्या कंपनीत आहे." "डेव्हलपर?" "नाही, टेस्टिंगला आहे." या शेवटच्या वाक्याला आवाज जरा खाली येतो. जणू मुलाला मुख्य पंगतीत जागा मिळाली नाही. हा आवाज खाली का येऊ नये, तेवढेच मला आज सांगायचे आहे.

चाचणी कशासाठी?

बहुतेकांना वाटते, चाचणी म्हणजे "चालते" हे दाखवणे. ग्लेनफर्ड मायर्स यांनी १९७९ साली या विषयावर पुस्तक लिहिले, त्यात नेमके उलट सांगितले आहे : चुका सापडाव्यात या हेतूने प्रोग्रॅम चालवून पाहणे म्हणजे चाचणी. हेतू बदलला की तपासणाऱ्याची नजर बदलते. आपल्या मुलाची वही पाहणारी आई आणि बोर्डाचा परीक्षक यांच्यात जो फरक असतो, तो हा.

डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी त्याच्याही आधी बजावले होते की, चाचणीने चूक आहे हे दाखवता येते, चूक नाही हे सिद्ध करता येत नाही. मग चाचणी करायचीच कशाला? तर ज्या चुकांनी घात होईल, त्या आधी आपल्या हाती लागाव्यात म्हणून.

नैवेद्याचा स्वयंपाक आपल्याकडे चाखत नाहीत. तरी मीठ बरोबर पडते, कारण काकूंचा हात वर्षानुवर्षे त्याच पदार्थावर बसलेला असतो. सॉफ्टवेअरला असा बसलेला हात नसतो. दर वेळी पदार्थ नवा, भांडे नवे आणि पंगतीला किती माणसे येतील याचा पत्ता नाही. म्हणून तिथे चाखावेच लागते, आणि एकदा नव्हे, अनेक प्रकारे. या प्रत्येक प्रकाराचा प्रश्न वेगळा असतो. एका प्रश्नाचे उत्तर "पास" आले म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे येतेच असे नाही. बाकी सगळे विसरलात तरी चालेल, एवढे वाक्य घरी घेऊन जा.

पहिला प्रश्न : हा तुकडा एकटा बरोबर आहे का?

याला युनिट टेस्टिंग म्हणतात. बहुधा लिहिणाराच ते करतो. रेल्वे तिकिटाचे उदाहरण घेऊ. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांखालील मुलाला, वेगळा बर्थ नको असेल तर, अर्धे तिकीट. भाडे काढणारा तुकडा तपासताना तीन वर्षांचे, आठ वर्षांचे आणि तीस वर्षांचे माणूस घालून पाहिले आणि उत्तरे बरोबर आली, तर काम झाले का? नाही. चूक कुंपणावर बसलेली असते. बरोबर पाच, बरोबर बारा, शून्य, आणि कोणी वयाच्या जागी उणे दोन लिहिले तर? याला सीमेवरच्या किमती तपासणे म्हणतात. "पाचपेक्षा कमी" आणि "पाच किंवा कमी" यांत लिहिताना एका चिन्हाचा फरक असतो, पण तिकीट खिडकीवर त्यावरून भांडण होते.

कोड उघडून, आतली प्रत्येक वाट चालून तपासले तर ते व्हाइट बॉक्स. आत न पाहता, काय घातले आणि काय बाहेर आले एवढेच पाहिले तर ब्लॅक बॉक्स. दोन्ही लागतात.

दुसरा प्रश्न : तुकडे एकमेकांशी नीट बोलतात का?

मुलगा चांगला, मुलगी चांगली, म्हणून संसार चांगलाच होईल असे नाही. हे इंटिग्रेशन टेस्टिंग. अमेरिकेच्या 'नासा'चे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळापाशी पोहोचताच नाहीसे झाले. पृथ्वीवरच्या एका सॉफ्टवेअरमधून रेट्याचे आकडे पौंडाच्या मापात येत होते आणि ते घेणारे सॉफ्टवेअर ते आकडे न्यूटनमध्ये आहेत असे समजत होते. दोघांचे गणित आपापल्या घरी बरोबर होते. मधल्या दाराशी उभे राहून कोणी विचारले नाही, की बाबांनो, तुम्ही कोणत्या मापात बोलता?

तिसरा प्रश्न : सगळे मिळून, खऱ्या परिस्थितीत, चालते का?

हे सिस्टिम टेस्टिंग. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन-५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे चाळीस सेकंदांत भरकटून फुटले. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेतले सॉफ्टवेअर आधीच्या एरियन-४ वरून उचललेले होते आणि तिथे ते उत्तम चालले होते. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता. तो आकडा ३२,७६७ पर्यंतच मावणाऱ्या जागेत बसेना आणि यंत्रणा बंद पडली. चौकशी समितीने नोंदवले की, एरियन-५ च्या खऱ्या मार्गाचे आकडे देऊन ही यंत्रणा आधी तपासली असती तर दोष सापडला असता. जुने आणि सिद्ध झालेले सॉफ्टवेअरही नव्या घरी नवीनच समजावे.

इंटरलॉकिंगची ही चाचणी आम्ही कशी करतो, ते थोडक्यात सांगतो. कारखान्यात स्टेशनाची प्रतिकृती म्हणून बटणे आणि दिव्यांचा एक फलक जोडतात. प्रत्येक मार्ग लावून पाहतात. मग एक मार्ग लावलेला ठेवून बाकीचे सगळे एकेक करून लावण्याचा प्रयत्न करतात. जे एकमेकांच्या आड येतात, ते लागता कामा नयेत. यासाठी आडवे-उभे चौकोन आखलेला तक्ता असतो, त्याला स्क्वेअर शीट म्हणतात. पाढ्यांच्या तक्त्यासारखा तो भरत जायचा, एकही घर रिकामे सोडायचे नाही. त्यानंतर स्टेशनावर पुन्हा चाचणी. एक माणूस पॅनेलपाशी, दुसरा रुळावर. पॅनेल सांगते सांधा सरळ आहे, तर तो खरोखर सरळ आहे का, हे डोळ्यांनी पाहायचे. याला करस्पॉन्डन्स टेस्ट म्हणतात. उन्हातान्हात खडीवर उभे राहून करायचे हे काम आहे. ते वरवर पाहता बिनडोक वाटते. त्याचे मोल पुढे सांगतो.

चौथा प्रश्न : उलटेसुलटे घडले तर काय करते?

ही निगेटिव्ह टेस्टिंग. आपल्या देशात तयार झालेल्या 'कवच' या यंत्रणेची ४ मार्च २०२२ रोजी दक्षिण मध्य रेल्वेवर गुल्लागुडा आणि चिटगिड्डा या स्टेशनांदरम्यान चाचणी झाली. एकाच रुळावर दोन इंजिने समोरासमोर सोडली. एकात रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव स्वतः होते. ३८० मीटर अंतर राखून कवचने इंजिन आपोआप थांबवले. गाडी चालते का, हा इथे प्रश्नच नव्हता. ती नको तिथे थांबते का, हा होता.

आपल्या गावचेच आणखी एक उदाहरण. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चे विक्रम लँडर शेवटच्या टप्प्यात आपटले. चांद्रयान-३ च्या वेळी इस्रोने काय काय बिघडू शकेल, याची यादी करून त्याप्रमाणे रचना केली. लँडरचे सेन्सर हेलिकॉप्टरवर बसवून तपासले. इंजिनांसह उतरण्याची चाचणी क्रेनला टांगून केली. पाय टिकतात का, हे चंद्रासारखी माती पसरून पाहिले. २३ ऑगस्ट २०२३ ला बंगळूरच्या इस्ट्रॅक केंद्रातून जी बातमी आली, तिच्यामागे हे सगळे होते.

पाचवा प्रश्न : गर्दी झाली तर?

हा प्रश्न आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. दिवाळीला उद्यान एक्स्प्रेसचे तत्काळ तिकीट काढायला बसलेल्या प्रत्येकाने लोड टेस्टिंग अंगावर घेतलेले आहे. दहा वाजता एसीचे बुकिंग उघडते आणि पडद्यावरचे चक्र फिरू लागते. इंटरनेटवरून रेल्वे तिकीट ऑगस्ट २००२ मध्ये सुरू झाले. वाढत्या गर्दीसाठी ऑगस्ट २०१४ मध्ये नवी यंत्रणा आली, तेव्हा मिनिटाला २,००० तिकिटांची क्षमता ७,२०० वर नेली. एक माणूस तिकीट काढू शकतो, यावरून लाख माणसे एकाच क्षणी काढू शकतील असे होत नाही. म्हणून कृत्रिम गर्दी तयार करून पाहतात. ठरलेल्या भारापर्यंत नेले तर लोड टेस्टिंग, मोडेपर्यंत ताणले तर स्ट्रेस टेस्टिंग. मोडल्यावर यंत्रणा नीट सावरते का, हेही त्यात पाहायचे.

याच पंगतीत आणखी दोघांना बसवतो. चोर आत शिरू शकतो का, हे पाहणारे सिक्युरिटी टेस्टिंग, आणि साठीच्या आजोबांना बटण सापडते का, हे पाहणारे युजेबिलिटी टेस्टिंग. आणि सगळ्यांच्या आधी येते ते स्मोक टेस्टिंग. मंडपात रोज संध्याकाळी "हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री" म्हणतात, ते तेच. आवाज येतो की नाही, एवढेच. तेही नसेल तर पुढच्या चाचण्यांत वेळ घालवू नये.

सहावा प्रश्न : ज्याच्यासाठी केले, त्याला ते मान्य आहे का?

ही अ‍ॅक्सेप्टन्स टेस्टिंग. कंपनीतली मुले यूएटी म्हणतात. आपल्यापैकी बरेच जण नम्म मेट्रोच्या यलो लाईनने जातात. आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र, १९.१५ किलोमीटर, १६ स्टेशने. चालकाशिवाय धावू शकेल अशी ही गाडी. पहिली गाडी हेब्बगोडीच्या डेपोत फेब्रुवारी २०२४ मध्ये आली आणि मार्ग सुरू झाला १० ऑगस्ट २०२५ ला. त्या काळात रोज कोणीतरी विचारायचे, अहो, गाडी आली, रूळ आहेत, मग अडले कुठे? उशिराला गाड्यांचा पुरवठा हे मोठे कारण होतेच. पण गाडी उभी असताना, मग चालवून, मग ब्रेक, मग हेलकावे, मग सिग्नल यंत्रणेशी बोलणे, अशी चाचण्यांची रांग होती. शेवटी मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांची पाहणी. त्यांनी होकार दिल्याशिवाय एकही प्रवासी बसू शकत नाही.

इथे एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. रेल्वे सुरक्षा आयोग रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाही, तो नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे आहे. ऐकायला विचित्र वाटते, पण त्यात शहाणपण आहे. तपासणाऱ्याची बढती तपासून घेणाऱ्याच्या हाती असू नये. ज्या कंपनीत टेस्टरला "नाही" म्हणता येत नाही, तिथे टेस्टर असून नसल्यासारखा.

मान्यता मिळाली तरी एकदम सगळीकडे न पसरवता आधी थोड्या ठिकाणी वापरून पाहतात, त्याला बीटा किंवा पायलट म्हणतात. आपल्या दोन्ही गावांना जोडणारे विश्वेश्वरय्या पुण्यात शिकले आणि मुंबई इलाख्यात नोकरीला लागले. धरणाचे आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनी १९०३ साली आधी खडकवासल्याला बसवले. तिथे ते पटल्यावर पुढे ग्वाल्हेरजवळ तिग्राला आणि म्हैसूरजवळ कृष्णराजसागरला गेले.

सातवा प्रश्न : दुरुस्ती करताना दुसरे काही बिघडवले का?

हे रिग्रेशन टेस्टिंग. माझ्या मते हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, आणि घाईच्या वेळी सर्वांत आधी गाळला जातो तोही हाच. दोन हजार साल उजाडण्यापूर्वी वाय-टू-केच्या कामासाठी आपली अनेक मुले पुण्या-मुंबईहून इथे आणि इथून परदेशी गेली. वर्षाचे दोन आकडे चार करणे सोपे होते. ते केल्यावर बँकेचे व्याज, विम्याचा हप्ता, पगार सगळे पूर्वीसारखे निघते ना, हे तपासण्यातच खरा घाम गेला. अगदी अलीकडे, १९ जुलै २०२४ रोजी, क्राउडस्ट्राइक या कंपनीचे सुरक्षेसाठीचे एक सदोष अपडेट जगभर गेले आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर कोलमडले. आपल्या देशात विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहायची वेळ आली. बदल लहान होता, पण तो एकाच वेळी सर्वत्र गेला.

आणि आता ज्याच्याविषयी बोलताना आमच्या खात्यातल्या प्रत्येकाचा आवाज जड होतो, ते. २ जून २०२३, ओडिशात बालासोर जिल्ह्यातले बहनगा बाजार स्टेशन. चेन्नईकडे निघालेल्या कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य लाईनने सरळ जाण्याचा हिरवा सिग्नल होता. सांधा मात्र बाजूच्या लूप लाईनकडे वळलेला होता. गाडी तिकडे वळून उभ्या मालगाडीवर आदळली. घसरलेले डबे शेजारच्या लाईनवरून जाणाऱ्या गाडीच्या शेवटच्या डब्यांवर गेले. ती गाडी आपल्या बंगळूरहून, सर एम. विश्वेश्वरय्या टर्मिनलहून, हावड्याला निघालेली होती. २९० हून अधिक माणसे गेली.

स्टेशनावर इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग होते. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीचा निष्कर्ष रेल्वेमंत्र्यांनी जुलै २०२३ मध्ये राज्यसभेत सांगितला : स्टेशनाच्या उत्तरेकडील सिग्नल गुमटीत पूर्वी केलेल्या सर्किटच्या बदलात त्रुटी राहिल्या होत्या, आणि ९४ क्रमांकाच्या फाटकाचे विजेवरचे अडसर बदलण्याच्या कामातही त्रुटी झाल्या. म्हणजे मूळ यंत्रणा सदोष नव्हती. दुरुस्तीने तिचे डोळे फिरवले. कॉम्प्युटरला तारांमधून जे कळले, त्यावर त्याने विश्वास ठेवला.

ही चूक कोणती चाचणी पकडते? फाटक वर-खाली होते का, हे पाहून ती सापडत नाही. सांधा एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवून, रुळावर माणूस उभा करून, पॅनेल आणि सिग्नल त्याच्याशी जुळतात का, हे पाहिले तरच सापडते. म्हणजे मघाशी सांगितलेली, खडीवर उभे राहून करायची ती बिनडोक वाटणारी चाचणी. फाटकाचे काम फाटकापुरते तपासून भागत नाही. जिथे जिथे तार जाते, तिथवर तपासावे लागते.

पण काम चालू असताना सिग्नल यंत्रणा तात्पुरती तोडलेली असते, गाड्या खोळंबलेल्या असतात, फोनवर फोन येतात, "किती वेळ लागेल अजून?" तुमच्या कंपनीतही रिलीजच्या आदल्या रात्री हेच असते. त्या वेळी "एवढासाच बदल आहे" हे वाक्य कोणीतरी म्हणते. आमच्याकडे असो वा तुमच्याकडे, या वाक्यापासून सावध राहा. बदल एवढासाच आहे, हे तपासल्यावर ठरते, आधी नाही. सॉफ्टवेअरवाल्यांच्या हाती तर सेलेनियमसारखी साधने आहेत, हजारो जुन्या चाचण्या रात्रीत पुन्हा चालवता येतात. आम्हाला सांधा प्रत्यक्ष फिरवावाच लागतो.

शेवटी थोडेसे

तरुणांना सांगतो, टेस्टिंगला आहात तर चाचण्यांची नावे पाठ करून थांबू नका. प्रत्येक वेळी स्वतःला विचारा, मी आत्ता कोणता प्रश्न विचारतो आहे आणि कोणता विचारायचा राहिला? जे मॅनेजर झाले आहेत त्यांना विनंती, तारीख जवळ आली की कात्री चाचणीच्या दिवसांना लावू नका. टेस्टरने "थांबा" म्हटले तर त्याची नोंद लेखी घ्या आणि उत्तरही लेखी द्या.

आणि काका-काकूंनो, पुढच्या वेळी कोणी विचारले तर "आमचा टेस्टिंगला आहे" हे खणखणीत आवाजात सांगा. चूक सापडली नाही तर त्या मुलाचे नाव निघते. सापडली तर ती वेळेत सापडली हे कोणालाच कळत नाही, गाडी फक्त सुखरूप पोहोचते. आपण सगळे गावाकडून इथे आणि इथून गावाकडे त्याच गाड्यांनी जातो.

विघ्नहर्त्याकडे आपण विघ्ने दूर कर म्हणून मागणे मागतो. ती आधी शोधून काढण्याचे काम मात्र त्याने आपल्याकडेच ठेवले आहे.

गणपती बाप्पा मोरया!